दादांची पाटी आणि ४१४१

वाचकाचं पत्र:

"काका, सप्रेम नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. माझे वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. पाच महिन्यांपूर्वी ते गेले. त्यांची २०१२ सालची अ‍ॅक्टिव्हा आता मी कामावर जायला वापरते. तिची मागची नंबर प्लेट त्यांच्या एका पेंटर मित्राने हाताने रंगवलेली आहे. आकडे मराठीत आणि वर बारीक अक्षरात 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न'. मागच्या आठवड्यात सात रस्त्याला मागून रिक्षा लागली, पत्रा दुमडला, रंगाचे पापुद्रे निघाले. मेकॅनिक म्हणतो, रेडियमवाल्याकडून तशीच करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. शेजारचे म्हणतात, आता एचएसआरपीच, म्हणजे ती सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, लावावी लागणार. मला ती पाटी टाकवत नाही. आपल्या गाडीवर आपल्या भाषेतले आकडे का चालू नयेत? दुसरं असं की, धाकटा भाऊ पाडव्याला नवी मोटारसायकल घेतोय. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो, म्हणून त्याला ४१४१ नंबर हवाय, 'दादा' असा वाचता येईल असा लिहून. शोरूममधला एक जण म्हणाला, आधी गाडी घेऊन जा, पाटीचं नंतर बघू. आम्ही काय करावं?"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. नंबर प्लेटबद्दल मला बरेच जण विचारतात, पण पाटी टाकवत नाही असं लिहिणाऱ्या तुम्ही पहिल्याच. म्हणून आधी तेवढं सांगतो: ती पाटी टाकायची नाहीच. ती गाडीवरून उतरवायची आणि घरात ठेवायची. बाकीचं सगळं त्यानंतर.

रेडियमवाल्याकडे मात्र जाऊ नका. मेकॅनिकच्या मनात काही वाईट नाही, इतकी वर्षं सगळं सोलापूर असंच करत आलं आहे. मीही केलंय. काही वर्षांपूर्वी माझ्या मोटारसायकलची मागची पाटी होटगी रोडला खड्ड्यात आदळून कुठे पडली ते कळलंच नाही. संध्याकाळी एका दुकानात गेलो, नंबर तोंडी सांगितला आणि चहा संपायच्या आत नवी पाटी हातात आली. आरसी बुक दाखवा असं कुणी म्हणालं नाही. तेव्हा मला ती सोय वाटली. पुढे काही महिन्यांनी मोबाइलवर ई-चलन यायला लागली, तीही पुण्यातली, जिथे माझी गाडी कधी गेलीच नव्हती. फोटो उघडून पाहिला तर नंबर माझा, गाडी दुसऱ्याच रंगाची, दुसऱ्याच कंपनीची. मला जशी न विचारता पाटी मिळाली, तशीच माझ्या नंबरची पाटी आणखी कुणाला तरी मिळाली होती. माझ्या गाडीचे चारही बाजूंचे फोटो, आरसी, तक्रार अर्ज, पोलिसांकडे हेलपाटे, यात बरेच दिवस गेले. दंडाची रक्कम मोठी नव्हती, पण त्या नंबरने कुठे अपघात झाला असता तर पोलीस आधी माझ्या दारात आले असते. तो विचार आजही नको वाटतो.

एचएसआरपी कशासाठी आहे, ते यावरून कळेल. लोक तिला सरकारने मागे लावलेलं आणखी एक खर्चाचं काम समजतात. नीट बघितलं तर ती वेगळीच वस्तू आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर आकडे ठसा मारून उठवलेले असतात. डाव्या कोपऱ्यात वर अशोकचक्राचा चकाकणारा होलोग्राम, त्याखाली निळ्या रंगात देशाची खूण, आणि खालच्या बाजूला लेझरने कोरलेला दहा अंकी-अक्षरी कायमचा क्रमांक. हा क्रमांक तुमच्या गाडीच्या नावावर सरकारी 'वाहन' प्रणालीत चढवला जातो. पाटी गाडीला बसते ती स्नॅप लॉकने. पान्याने तो उघडत नाही, तोडूनच काढावा लागतो, आणि एकदा तोडला की पुन्हा बसत नाही. म्हणजे कुणी तुमची पाटी चोरून दुसऱ्या गाडीला लावायची म्हटलं तरी ते सोपं नाही. वरचा कागद दिव्याचा उजेड परत फेकतो. हैदराबाद रोडला रात्री मागच्या ट्रकवाल्याला तुमची गाडी लांबून दिसणं, हाही त्यातला एक भाग आहे.

१ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ही पाटी शोरूममधूनच लागून येते. तुमची अ‍ॅक्टिव्हा २०१२ ची, म्हणजे जुन्या गाड्यांत मोडते. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांसाठी ३१ मार्च २०२५ ही पहिली मुदत होती, मग ती एकामागून एक वाढत गेली. पण वाढीव मुदतीच्या बातम्यांवर विसंबून राहू नका. तुमची सध्याची पाटी दुमडलेली आहे, रंग उडालेला आहे, आकडे मराठीत आहेत. चौकात अडवायला तेवढं पुरेसं आहे. नियमात न बसणाऱ्या पाटीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० आणि पुढे प्रत्येक वेळी १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. दुचाकीच्या पुढच्या-मागच्या दोन्ही पाट्यांची नवी जोडी ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१ रुपयांत येते. दुसऱ्यांदा चलन झालं की याच्या जवळजवळ तिप्पट जातील.

आता मराठी आकड्यांचा प्रश्न. तो मनाला लागणारा आहे, म्हणून त्यावर थोडं सविस्तर बोलतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यातल्या ५० व्या नियमानुसार नोंदणीची अक्षरं इंग्रजी लिपीत आणि आकडे आंतरराष्ट्रीय अंकांत हवेत. हे मराठीवर बंधन आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं आणि राग यायचा. मग एकदा अक्कलकोट रोडला उभा असताना सहज येणाऱ्या गाड्या पाहत होतो. कलबुर्गीची केए-३२, विजापूरची केए-२८, मधेच तेलंगणाची एखादी. आपलं गाव असं आहे की एकाच बोळात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ऐकू येते. कन्नडला स्वतःचे अंक आहेत, तेलुगूलाही आहेत. उद्या मी माझ्या अंकांत पाटी लावली तर विजापूरचा माणूस त्याच्या अंकांत लावणार, आणि त्याचा तो हक्क मी कोणत्या तोंडाने नाकारू? मग पार्क चौकात एखादी गाडी पोराला उडवून पळाली, तर बघणाऱ्याला तिचा नंबर वाचता तरी येईल का? पाटी अनोळखी माणसाने, लांबून, एका क्षणात वाचायची असते. तीही बहुतेक वेळा वाईट प्रसंगी. म्हणून सगळ्या देशाने एकाच लिपीत लिहायचं ठरलं. माझं मराठीवरचं प्रेम यामुळे कमी झालं नाही, फक्त ते पाटीवर मागायचं मी सोडलं.

आणि मराठीला गाडीवर जागा नाही असंही नाही. नंबर प्लेटवर नंबराशिवाय काहीही नको, एवढाच नियम आहे. दादांचे पेंटर मित्र अजून काम करत असतील, तर त्यांना घरी बोलवा, भाकरी-शेंगाचटणी खाऊ घाला आणि 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' हे त्यांच्याच हाताने स्कूटरच्या पुढच्या भागावर लिहून घ्या. फ्लेक्स आल्यापासून या मंडळींच्या हाताला काम राहिलेलं नाही. नवी पेठेतल्या दुकानांच्या जुन्या पाट्यांवरची ती वळणदार, सावली दिलेली अक्षरं ज्यांनी काढली, त्यांतले कितीतरी आज घरी बसून आहेत. दादांच्या मित्राला हे काम मिळालं तर त्यांनाही बरं वाटेल.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. इथे क्रम महत्त्वाचा आहे.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण गाडी अजून दादांच्याच नावावर असणार. कायद्याप्रमाणे मालक गेल्यावर ३० दिवसांच्या आत वारसाने आरटीओला कळवायचं असतं, तसं कळवलं तर तीन महिने गाडी वापरता येते, आणि तेवढ्यात स्वतःच्या नावावर करून घ्यायची असते. तुमचे पाच महिने झाले. घाबरू नका, बहुतेक घरांत असंच होतं. दहावं-तेरावं, वर्षश्राद्ध, बँक, पेन्शन यांत गाडीचं कुणाच्या लक्षात येत नाही. उशिराचं काय शुल्क असेल ते भरावं लागेल, पण काम होतं. मात्र आता आणखी थांबू नका. वाईट प्रसंग आला आणि विमा कंपनीने विचारलं की मालक कोण, तर मृत माणसाचं नाव सांगायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

तुम्हाला वाटेल आधी नाव बदलू, मग पाटी. उलट करा. एचएसआरपी नसलेल्या गाडीचं हस्तांतरण, पत्ता बदल, कर्जाचा बोजा चढवणं-उतरवणं ही कामं अडवून धरायच्या सूचना परिवहन विभागाने आरटीओंना दिलेल्या आहेत. म्हणून आधी पाटी. त्यासाठी परिवहन विभागाच्या सरकारी संकेतस्थळावर जा. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, ते स्वतः बघा. तिथे एचएसआरपीच्या भागात सोलापूर, म्हणजे एमएच-१३ निवडलं की आपल्या भागासाठी नेमलेल्या कंपनीच्या पानावर ते तुम्हाला नेतं. गुगलवर शोधून वर आलेल्या पहिल्या पानावर किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर जाऊ नका. हुबेहूब दिसणारी खोटी पानं करून पैसे उकळल्याचे प्रकार राज्यात झालेले आहेत. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

बुकिंगला आरसीवरचे चॅसी नंबर आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे लागतात. मग केंद्र, तारीख आणि वेळ निवडायची, पैसे ऑनलाइन भरायचे, पावती जपून ठेवायची. ठरल्या दिवशी गाडी, आरसी आणि पावती घेऊन जायचं. पाटी हातात मिळत नाही, गाडीवर बसवूनच देतात. बसवल्यावर निघायच्या आधी नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. गर्दीत हे राहून जातं.

एक अडचण येऊ शकते, ती आताच सांगून ठेवतो. जुन्या गाडीची माहिती कधी कधी ऑनलाइन नीट चढलेली नसते, आणि बुकिंगच्या वेळी 'माहिती जुळत नाही' असं येतं. तसं झालं तर वेगवेगळे आकडे टाकून बघत बसू नका. विजापूर रोडच्या आरटीओ ऑफिसात मूळ आरसी घेऊन जा आणि बॅकलॉग एन्ट्री करायची आहे असं सांगा. त्यांना हा शब्द कळतो. आणि गाडीला जोडलेला मोबाइल नंबर दादांचा असेल आणि ते सिम बंद झालं असेल, तर ओटीपी त्या बंद नंबरवर जात राहील. पुढच्या कामाआधी तो बदलून घ्या.

पाटी बसली की नाव बदलायचं. वारसाच्या नावे गाडी करायचा तो फॉर्म ३१. फॉर्म २९ आणि ३० हे जिवंत मालकाने गाडी विकल्यावरचे. एजंट घाईत तेच पुढे करतात, सही करू नका. सोबत मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, तुमचा ओळख-पत्त्याचा पुरावा, तुमचं प्रतिज्ञापत्र आणि आई व भाऊ यांची हरकत नसल्याचं लेखी. गाडीवर कधी कर्ज होतं आणि आरसीवर बँकेचं नाव अजून दिसत असेल, तर बँकेकडून फॉर्म ३५ आणि ना हरकत आणा. कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी बोजा आपोआप उतरत नाही. आरसी नव्याने तुमच्या नावे होईल तेव्हा त्यात नॉमिनीचं नाव घालायची सोय आता आहे, ती नक्की वापरा. तुमच्या मागे कुणाला हे हेलपाटे नकोत.

आणि २०२७ लक्षात ठेवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्या वर्षी तुमच्या अ‍ॅक्टिव्हाची मुदत संपेल. चालवायची असेल तर फॉर्म २५ भरून, गाडी तपासून घेऊन, पर्यावरण कर भरून पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. उशीर झाला तर दुचाकीला दर महिन्याला ३०० रुपये वाढत जातात. मोबाइलमध्ये आजच आठवण लावून ठेवा.

पुढे कधी नवी पाटी हरवली किंवा पुन्हा रिक्षा लागली, तरी रेडियमचं दुकान नाही. हरवली किंवा चोरीला गेली तर पोलिसांत नोंद करायची, तिची प्रत घ्यायची आणि त्याच संकेतस्थळावरून बदली पाटी मागवायची. नुसती वाकली-फुटली असेल तरी मागणी तिथेच.

आता भावाचं. मला त्याची मागणी मनापासून आवडली. पण शोरूममधल्या माणसाचं ऐकलं तर ती हातची जाईल.

पसंतीचा नंबर गाडीची नोंदणी व्हायच्या आधी घ्यावा लागतो. एकदा गाडीला चालू मालिकेतला नंबर पडला की 'आता मला ४१४१ द्या' असं म्हणून तो बदलून मिळत नाही. शोरूमवाले नोंदणी झटपट उरकतात, ते त्यांचं काम आहे. म्हणून पैसे भरतानाच लेखी सांगा: नंबर आम्ही स्वतः घेणार आहोत, तोवर नोंदणीला पाठवू नका. पाडव्याचा मुहूर्त आणि नंबर दोन्ही एकाच दिवशी जुळतील असं नाही. जुळले नाहीत तर माझ्या मते नंबर धरा. पाडव्याला पैसे भरून गाडीची पूजा शोरूममध्ये करा, रस्त्यावर नंतर आणा. एचएसआरपी लागल्याशिवाय नवी गाडी शोरूमच्या बाहेर काढायची नसतेच.

मालिका ०००१ पासून ९९९९ पर्यंत चालते. चालू मालिकेत ४१४१ निघून गेला असेल, तर नवी मालिका सुरू होण्याची वाट पाहायची. आपलं आरटीओ ऑफिस नवी मालिका सुरू करताना अर्जाचा दिवस आणि वेळ जाहीर करतं, स्थानिक पेपरात ती बातमी येते. त्या दिवशी सकाळीच अर्ज, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि शुल्क तयार ठेवायचं. एकाच नंबरला दोन अर्ज आले, तर बंद पाकिटातून जास्त रकमेचा धनाकर्ष (डीडी) मागवतात आणि ज्याची रक्कम मोठी, नंबर त्याचा. ४१४१ वर डोळा असणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, हे सांगायला नको. या नंबरला दादा म्हणवून घेणाऱ्यांनीच भाव चढवलाय. त्यामुळे घरात बसून आधी एक आकडा ठरवा, त्यापुढे जायचं नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने या नंबरांचे दर बरेच वाढवले. दुचाकीला ०००१ साठी ५० हजार होते, ते एक लाख झाले. चारचाकीला ते सर्वसाधारण जिल्ह्यांत तीन लाखांवरून पाच लाखांवर गेले. ४१४१ त्या पंगतीतला नाही, पण नंबरांचे गट आहेत आणि प्रत्येक गटाचा दर वेगळा आहे. तो अर्जाआधी खिडकीवर पाहून घ्या, कुणा एजंटच्या तोंडून ऐकू नका. त्याच अधिसूचनेत एक चांगली गोष्ट झाली: असा नंबर पती-पत्नी, मुलगा, मुलगी यांच्या नावे करता येऊ लागला, जे आधी चालत नव्हतं. म्हणजे भावाचा ४१४१ पुढे त्याच्या लेकराकडे जाऊ शकतो.

राहिलं ते 'दादा' असं लिहून घेणं. ते होणार नाही, आणि होऊ नये असं मला वाटतं. एचएसआरपीवर आकडे यंत्र उठवतं, ते वाकवता येत नाहीत. वरून स्टिकर लावणं, शिरोरेघ ओढणं, दुसरी पाटी खिळवणं, हे सगळं वर सांगितलेल्या कलम १७७ खालीच येतं. भावाला एवढंच विचारा: दादा असते तर चौकात पोलिसाने लेकाची गाडी त्यांच्या नावावरून अडवलेली त्यांना चाललं असतं का? ज्या माणसाने जन्मभर बिघडलेले माग सरळ चालते केले, त्याच्या नावाला वेडंवाकडं करायची गरज नाही. नंबर सरळच लिहिलेला असू दे. रस्त्यावरच्या माणसाला तो चार-एक-चार-एक दिसेल, तुमच्या आईला मात्र दादा दिसेल.

शेवटी त्या जुन्या पाटीचं. फिटमेंटला जाल तेव्हा कामगाराला सुरुवातीलाच सांगा, जुनी पाटी मला परत हवी आहे, कापू नका, नट ढिले करून काढा. नट गंजलेले असतील तर आदल्या दिवशी तुमच्या मेकॅनिककडून त्यावर तेल सोडून घ्या. घरी आणल्यावर ती पेट्रोलने किंवा थिनरने पुसू नका, ऑइल पेंट सुटून येईल. ओल्या फडक्याने हलक्या हाताने धूळ काढायची. दुमडलेला पत्रा ठोकून सरळ करायला जाऊ नका, रंगाचे आणखी पापुद्रे निघतील. ज्या पापुद्र्यांची टोकं उचललेली आहेत ती तशीच राहू द्या आणि फ्रेमवाल्याला सांगून काच पाटीपासून बोटभर वर ठेवून घ्या, म्हणजे दाबली जाणार नाही.